शिदोरी कुणी बांधली?

मराठीत प्रवासवर्णनं उदंड आहेत, आणि ती वाचणाऱ्यांत बायका जास्त आहेत. कुठल्याही वाचनालयात जाऊन विचारा. कादंबरीखालोखाल बायका नेतात ती प्रवासाची पुस्तकं. कारण उघड आहे. ज्यांना घर सोडून जाता येत नाही, त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांनी का होईना, जग बघायचं असतं. पण आपण ही पुस्तकं वाचतो त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. समीक्षक लिहितात ते शैलीबद्दल, निसर्गाच्या वर्णनाबद्दल, विनोदाबद्दल. आपण बायका वाचताना वेगळंच शोधत असतो.

आमच्या महिला मंडळात कधीकधी एखादं पुस्तक मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. एकदा युरोपचं वर्णन चाललं होतं. बर्फ, डोंगर, तळी, सगळं झालं. मध्येच एक वयस्क अक्का म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण ह्या माणसानं दिवस मावळायच्या आत जेवण केलं कुठं? आणि केलं कुणी?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. तेव्हापासून कुठलंही प्रवासवर्णन हातात घेतलं की मी तेच विचारते: ह्याच्या पोटाची सोय कुणी केली? शिदोरी कुणी बांधली, ती संपल्यावर काय झालं, कुणाच्या दारात उभं राहावं लागलं? हा प्रश्न लावला की पुस्तकांची नेहमीची क्रमवारी बदलते. गाजलेली काही पुस्तकं मागं जातात, आणि अभ्यासक्रमापुरती उरलेली पुढं येतात.

सुरुवात गोडसे भटजींपासून करावी लागते, विशेषतः ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आपल्या मैत्रिणींसाठी, कारण तो मुलूख त्यांच्या पायाखालचा. विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, असं कळलं म्हणून 1857 साली ते काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापलं. लोक ते इतिहासासाठी वाचतात. मी ते भुकेसाठी वाचते. हा माणूस लपवत नाही. किती दक्षिणा मिळाली, ती कशी लुटली गेली, कुठं उपाशी राहावं लागलं, कुणी ओसरीवर जागा दिली, हे तो हिशेबासारखं सांगतो. काल्पीकडच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई भेटते तो प्रसंग तर सगळ्यांना माहीत आहे. ती तहानलेली, भटजी विहिरीतून पाणी शेंदायला पुढं होतात, आणि ती त्यांना थांबवून स्वतः पाणी काढते. लढाईची पानंच्या पानं वाचूनही जे कळत नाही, ते त्या एका मडक्याभर पाण्यात कळतं. राज्य गेलेलं आहे, आणि तरी दुसऱ्याला कष्ट देऊ नयेत ही रीत सुटलेली नाही.

पण त्याच पुस्तकात घरच्या बायका कुठं आहेत? त्या वरसईला आहेत. परत येताना भटजी आईवडिलांना स्नान घालायला गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून आणतात, ते वाचताना डोळे भरतात. मात्र अडीच वर्षं ते घर कुणी आणि कसं चालवलं, ह्याचं पान त्या पुस्तकात नाही. पुरुषानं लिहिलेल्या प्रवासाला असं एक न लिहिलेलं पान नेहमी असतं. तो दोष म्हणून मी सांगत नाही. वाचणारीनं ते पान आहे असं धरून वाचावं, एवढंच.

पंडिता रमाबाईंचं पुस्तक आपल्याकडं त्या मानानं कमी वाचलं जातं. आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळणार म्हणून रमाबाई 1886 साली इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या आणि दोनेक वर्षं राहिल्या. 1889 साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' निघालं. नावातच पाहा, लोकस्थिती आधी आणि प्रवास मागून. देखाव्यांची हौस त्यांना कमीच. तिथलं राज्य कसं चालतं, घरं कशी चालतात, बायका शिकतात कशा, संस्था कशा काढतात, पैसा कसा जमवतात, ह्याच्यावर त्यांचा डोळा. आणि त्या देशाचं एवढं कौतुक करतानाही काळ्या लोकांना तिथं कसं वागवलं जातं हे सांगायला त्या कचरत नाहीत. धर्म बदलला तरी मांसाहार त्यांनी केला नाही, परदेशात राहूनही शाकाहार सोडला नाही. आपल्याला ही गोष्ट जवळची वाटते, आणि वाटावीच.

पण रमाबाईंचं खरं प्रवासवर्णन त्या पुस्तकाच्याही आधीचं आहे. त्यांचा जन्म 1858 सालचा, सह्याद्रीतल्या गंगामुळाचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायको-मुलांना घेऊन तीर्थामागून तीर्थं पायी फिरले. पुराण सांगावं आणि लोक देतील त्यावर राहावं असा तो संसार. दुष्काळ पडला, देणारे आटले, आणि आईवडील त्यातच गेले. म्हणजे अमेरिकेच्या बोटीत चढलेली ही बाई लहानपणापासूनच वाटेवर होती. शिदोरी संपते म्हणजे काय होतं हे तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. म्हणूनच परक्या देशात ती आधी विचारते की इथं अनाथ बाईचं काय होतं, विधवेला काम मिळतं का, आजाऱ्याला कोण बघतं. यात्रेत होरपळलेली बाईच असा प्रवास लिहू शकते.

नंतरच्या काळात प्रवासवर्णनाला हसरा चेहरा आला. 1960 साली पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' आलं आणि घराघरांत गेलं. मलाही ते आवडतं. परदेशाला बिचकणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाची भीती त्यांनी हसत हसत घालवली, हे काम लहान नाही. खाण्याची चैन, खाण्याची फजिती, सगळं त्यात आहे. मात्र तिथं शिदोरीचा प्रश्न विनोदाचा होतो, पोटाचा राहत नाही. बरोबर सुनीताबाई आहेत, पण आपण त्यांना पाहतो ते पुलंच्या नजरेनं. त्यांचं स्वतःचं म्हणणं ऐकायला वाचकांना 1990 सालापर्यंत, 'आहे मनोहर तरी' येईपर्यंत थांबावं लागलं. ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी शिफारस आहे. एक वाचून दुसऱ्यावर राग धरायचा नाही. प्रवासाला दोघं गेली तर निदान दोन वर्णनं असतात, एवढं लक्षात आलं तरी पुरे.

मीना प्रभूंनी पुढं ही कोंडी फोडली. लंडनला राहिलेल्या ह्या डॉक्टर बाईनं दक्षिण अमेरिका, मेक्सिको, चीन, तुर्कस्तान असं जग पालथं घातलं आणि जाडजूड पुस्तकं लिहिली. त्यांच्या पुस्तकांत इतिहासाची माहिती कधीकधी इतकी दाटते की वाट दिसेनाशी होते, हे खरं. पण पंचावन्न-साठीच्या कितीतरी बायकांनी 'दक्षिणरंग' वाचून पहिल्यांदा मुलाला सांगितलं असेल की मला पासपोर्ट काढायचाय. एखाद्या पुस्तकाचं मोल असंही मोजता येतं.

तरी ह्या सगळ्यांत माझ्या कसोटीला पुरेपूर उतरणारं लिखाण एक लहानसा लेख आहे. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल'. 1949 च्या 'परिपूर्ती' ह्या संग्रहात तो आहे. ना परदेश, ना बोट, ना विमान. समाजशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई पंढरपूरच्या वारीत चालल्या, एवढीच गोष्ट. पण त्यांनी तिथं नेमकं काय पाहिलं? एका दिंडीत सगळे एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात, आणि जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. सगळेच स्वच्छ, सगळेच आंघोळ करून जेवणारे. मग हे वेगळेपण कशासाठी? एकत्र येणं फक्त परलोकासाठी आणि इथं मात्र तुटकपणा, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. त्या स्वतः दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणानं बोलू लागल्या, हात धरून शेजारी चालू लागल्या, आपली दुःखं सांगू लागल्या. जेवणाआधी त्या बायकांच्या लेखी त्या बाहेरच्या होत्या. जेवणानंतर त्या ताई झाल्या.

मैत्रिणींनो, हा लेख आपण जैन बायकांनी तर वाचायलाच हवा, आणि दोन कारणांनी.

पहिलं कारण भांडणाचं आहे. त्या लेखात इरावतीबाईंना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सापडते. ज्या भागातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, असा तिचा अर्थ. ती फार गाजली. आम्हा बेळगावकडच्यांना ती ऐकून बरंही वाटतं, कारण इकडच्या गावांतूनही दिंड्या जातात आणि नकाशावरची रेघ त्यांना अडवत नाही. पण मी ही व्याख्या वाचते आणि माझं एक पाऊल आत, एक बाहेर राहतं. मी मराठी बोलते, मराठी वाचते, मराठीत लिहिते. पंढरीला मात्र आमच्या घरातून कुणी जात नाही. आमची वाट वेगळी. स्तवनिधी, कुंभोजचे बाहुबली, कुंथलगिरी, मांगीतुंगी, आणि दक्षिणेला श्रवणबेळगोळ. मग मी कुठल्या महाराष्ट्रातली?

उत्तर श्रवणबेळगोळलाच आहे. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की गोमटेश्वराच्या पायाशी दोन्ही बाजूंना अक्षरं कोरलेली दिसतात. त्यांत कन्नड आहे, तमिळ आहे आणि मराठीही आहे. चावुंडरायानं ही मूर्ती करवली आणि गंगराजानं सभोवतालचं आवार करवलं, एवढाच मजकूर. 'करवियले' हे मराठी क्रियापद त्या दगडात आहे. मराठीच्या जुन्यातल्या जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते, शाळेत आपण ते पाठही केलेलं असतं. पण त्याच्याकडं प्रवासाच्या अंगानं कुणी बघत नाही. वाचणारं कुणी नसेल तर पाटी कोण लावतं? कन्नड मुलखात, पंढरीपासून इतक्या दूर, मराठी ओळ कोरली ती मराठी कळणारे यात्रेकरू तिथं येत होते म्हणूनच, असं मला वाटतं. मराठी माणसाची वाट एकच नव्हती. पंढरीची एक, बेळगोळची एक, आणखीही असतील. इरावतीबाईंच्या लेखाबद्दलचा माझा आदर ह्यानं तसूभर कमी होत नाही. त्यांनी स्वतः चालून व्याख्या केली. आपण आपल्या वाटेनं चालून ती रुंद करायची.

त्या दगडाची आणखी एक गंमत आहे. चावुंडरायानं मूर्ती करवली हे खरं, पण का करवली? आपल्याकडं सांगतात ती कथा अशी. त्याची आई काळलादेवी. पौदनपूरच्या बाहुबलीचं दर्शन घ्यायची तिला आस लागली, आणि दर्शन होईतोवर दूध घेणार नाही असा तिनं नेम केला. मुलगा गंग राजाचा मंत्री आणि सेनापती, तो आईला घेऊन निघाला. वाटेत बेळगोळला मुक्काम पडला, तिथं दृष्टांत झाला, आणि पुढं जाण्याऐवजी तिथंच मूर्ती घडली. म्हणजे जग जिला बघायला येतं ती 57 फुटी मूर्ती एका बाईच्या प्रवासाच्या हट्टातून उभी राहिली. शिलालेखात मुलाचं नाव आहे. आईचं नाही. तिचा प्रवास बायकांच्या तोंडी राहिला.

दुसरी कथा गुळ्ळकायज्जीची. पहिल्या अभिषेकाला चावुंडरायानं हंडेच्या हंडे दूध ओतलं, पण ते काही मूर्तीच्या खालपर्यंत पोचेना. तेव्हा एक गरीब म्हातारी एका लहानशा फळाच्या करवंटीत दूध घेऊन आली, आणि तेवढ्यानं मूर्ती नखशिखांत न्हाली. ह्या आज्जीची मात्र मूर्ती आहे, गोमटेश्वराच्या समोरच, हातात ती करवंटी घेतलेली. माझ्या कसोटीला ही आज्जी सगळ्यात उजवी. घरून निघताना जेवढं होतं तेवढं तिनं बरोबर घेतलं. आणि पुरलं तेच.

आता दुसरं कारण. ते अडचणीचं आहे, म्हणून मागं ठेवलं. इरावतीबाईंनी वारकऱ्यांना विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या यात्रेच्या बसमधून आचारी जातो, गॅसची शेगडी जाते, पिठाचे डबे जातात. परदेशाच्या सहलीतही कंपन्या 'जैन जेवण' लिहून जाहिरात करतात, आणि आपण ते आहे ना एवढं बघून पैसे भरतो. सोय झाली, छान झालं. कांदा-लसूण-बटाटा नको, पाणी गाळलेलं हवं, दिवस असतानाच जेवायला हवं, ह्या गोष्टी सांभाळून आज बाई जग बघू शकते. आधीच्या पिढ्यांना हे जमलं नसतं. ह्याला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण परत आल्यावर ह्या सहलींची जी वर्णनं आपण एकमेकींना सांगतो आणि क्वचित स्मरणिकांतून छापतो, ती वाचून बघा. बस चांगली होती. खोल्या स्वच्छ होत्या. आचारी हुशार होता, शिखरजीलाही धपाटे मिळाले. दर्शन छान झालं. आणि माणसं? त्या गावची एक तरी बाई त्यात असते का? सम्मेदशिखरजीची फेरी जवळजवळ 27 किलोमीटरची. पहाटे, खरं तर मध्यरात्रीनंतरच अनवाणी निघायचं, वीस तीर्थंकरांच्या टोंका वंदून परतायला दुपार-संध्याकाळ होते. ज्यांना चालवत नाही त्या डोलीतून जातात. डोली खांद्यावर घेणारा माणूस ती सगळी वाट आपल्याला घेऊन चालतो. त्यानं काय खाल्लं हे किती वर्णनांत आहे?

इथं एक फरक नीट करायला हवा, नाहीतर मी व्रतं मोडायला सांगते असा अर्थ निघेल. व्रत हे माझं माझ्याशी असतं. जीव मारला जाऊ नये म्हणून मी कंदमुळं टाकते, दिवे लागल्यावर ताटावर बसत नाही. त्यात दुसऱ्याला हलकं समजण्याचा संबंधच नाही. पण "त्यांच्या हातचं नको" हे व्रत नव्हे. ते जातीचं कुंपण आहे, आणि व्रताच्या नावाखाली ते सहज खपतं. इरावतीबाईंच्या वारीतही हेच होतं. अन्न शुद्धच होतं, हात वेगळे होते. आपण स्वतःला विचारून बघावं, मी नको म्हणते ते ताटातल्या बटाट्याला, की वाढणाऱ्या बाईला?

आणि गंमत अशी की व्रत खरं पाळायचं तर माणसांशी जास्त बोलावं लागतं. जुन्या बायका यात्रेला जायच्या तेव्हा बरोबर आचारी नव्हता. धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडायची, सरपण मागायचं, विहीर कुठली, पाणी कसलं, भाजीत काय काय, हे तिथल्या बाईला विचारायचं. भाषा येत नसली तर हातवारे करायचे. आमच्या घरी एका आत्याची शिखरजीच्या यात्रेची वही आहे. तिला कुणी प्रवासवर्णन म्हणणार नाही. तांदूळ, तूप, सरपण, टांगा, डोली, भांडार, असा खर्च. पण मध्येच एखादी ओळ येते. अमक्या गावी पाऊस, एका बाईनं ओसरीवर घेतलं, मूल आजारी होतं तिचं, सुंठ दिली. पुढच्या ओळीत पुन्हा तूप. ह्या दोन ओळींत जे आहे ते कित्येक गुळगुळीत पुस्तकांत मला मिळालेलं नाही. गोडसे भटजींचं गद्य ह्याच जातीचं आहे. हिशेब लिहिता लिहिता माणूस दिसून जातो.

अशा वह्या तुमच्याही घरी असतील. बडोद्याला असतील, हैदराबादला असतील, इंदूरला तर नक्की असतील. काहींत मराठीत मध्येच गुजराती आकडे, काहींत कन्नड शब्द. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा नाही, कारण प्रवासवर्णन म्हणजे लेखकानं लिहिलेलं आणि यात्रा म्हणजे बाईनं केलेली, अशी वाटणी कधीतरी होऊन बसली आहे. लेखक पाहतो आणि बाई दर्शन घेते. रमाबाईंनी आणि इरावतीबाईंनी ही वाटणी मानली नाही, आणि म्हणून त्यांचं लिखाण टिकलं.

तेव्हा वाचायचं असेल तर 'वाटचाल'पासून सुरू करा. लहान आहे, दुपारच्या एका बैठकीत होईल. मग गोडसे भटजी, मग रमाबाई, मग हवं ते. आणि ह्या वर्षी कुणी बेळगोळला, शिखरजीला, नाहीतर सिंगापूरला निघालीच, तर एक वही पर्समध्ये टाका. खर्च लिहा. कुणी पाणी दिलं ते लिहा. डोलीवाल्याला त्याच्या घरचं विचारा, आणि तो सांगेल ते लिहा. शुद्धलेखन मागाहून बघता येईल.